कारखान्यातली हवा, आवाज आणि आरोग्य : इंडस्ट्रियल हायजीनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने), भोसरीतले प्लेटिंगचे आणि पेंटिंगचे छोटे कारखाने, इचलकरंजीचे माग, अशा ठिकाणांहून कामगार, सुपरवायझर, छोटे कारखानदार आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं जास्त करून फाउंड्रीची आहेत, कारण धूळ, आवाज, उष्णता आणि वायू हे चारही एका छपराखाली तिथेच भेटतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल, तर तो क्रमांक सांगितला आहे.

१. कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, डॉक्टर येतात. मग हायजीनिस्ट हा तिसरा माणूस कशाला?

बोट मशीनमध्ये जाऊ नये, माणूस शिडीवरून पडू नये, हे सेफ्टी ऑफिसर बघतो. आजार झाला का, हे डॉक्टर बघतात. या दोघांच्या मधली जागा मोकळी राहते. आज कोणालाच काही झालेलं नाही, पण फेटलिंगवरचा (ओतीव वस्तू घासून साफ करणारा) माणूस रोज जी हवा ओढतोय त्यात काय आहे आणि किती आहे? दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या फुप्फुसाचं काय होणार? हायजीनिस्टचं काम इथलं. धोका ओळखायचा, मोजायचा, मर्यादेशी ताडून बघायचा आणि कमी करायचा. यातला शेवटचा भाग राहून गेला, तर आधीच्या तीन गोष्टी फायलीत जातात.

इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा, असं त्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. आजही बऱ्याच केसपेपरवर त्यासाठी रकाना नसतो.

२. आमच्या शॉपमध्ये धूळ दिसतच नाही. तरी मोजायची का?

दिसणारी धूळ बरीचशी नाकात आणि घशातच अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. सकाळी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली की थोडाफार अंदाज येतो, तेवढाच.

मोजायचं की नाही, हे ठरवायला मी आधी कामाची पद्धत बघतो. कोरडी वाळू चाळली जाते का? नॉकआऊट (साचा फोडून ओतीव वस्तू बाहेर काढणं) उघड्यावर होतो का? शिफ्ट सुटताना पोरं कॉम्प्रेसरची हवा मारून अंगावरचे कपडे झटकतात का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर मोजावंच लागतं.

३. मोजतात कसं? कोपऱ्यात यंत्र ठेवलं की झालं ना?

नाही. कोपऱ्यातल्या हवेत कोणी काम करत नाही. पट्ट्याला बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावतात. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर येते आणि टोकाला फिल्टरची डबी असते. ती कॉलरजवळ, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत अडकवायची. डबीच्या आधी सायक्लोन नावाची बोटभर नळी बसवतात. जाड कण ती खाली पाडते आणि बारीक तेवढे पुढे सोडते. कामगार दिवसभर नेहमीसारखं काम करतो, पंप त्याच्याबरोबर फिरतो.

पंप मिनिटाला अडीच लिटर हवा ओढत असेल, तर आठ तासांत १,२०० लिटर, म्हणजे १.२ घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. मग प्रयोगशाळेत फिल्टर तोलायचा. मर्यादेवरची धूळ किती भरते, तर मिठाच्या पाच-सहा दाण्यांएवढी (हिशेब प्रश्न ६ मध्ये). त्यामुळेच सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा पंपाचा प्रवाह तपासावा लागतो, आणि एक न वापरलेला फिल्टरही सोबत नेऊन-आणून तोलावा लागतो. हे दोन आकडे ज्या रिपोर्टमध्ये नाहीत, तो मी बाजूला ठेवतो.

थिनरसारख्या वाफांसाठी फिल्टर चालत नाही. तिथे काचेच्या बारीक नळीत कोळशाचे दाणे असतात आणि वाफ त्यांना चिकटते. हा कोळसा बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा असतो. कोकणातल्या लोकांना हे ऐकून बरं वाटतं, म्हणून सांगितलं.

४. तो पंप आमचं बोलणं रेकॉर्ड करतो का?

नाही. हा प्रश्न नेहमी येतो आणि रास्तच आहे, कारण कोणी काही न सांगता अंगावर यंत्र अडकवतं. धुळीच्या पंपात माइक नसतोच. आवाज मोजायच्या डोसीमीटरमध्ये असतो आणि तो खांद्यावर लावतात, पण या कामात तो फक्त आवाजाची पातळी नोंदवतो, शब्द साठवत नाही. पंप लावण्याआधी पाच मिनिटं हे समजावून सांगणं हायजीनिस्टचं काम आहे. नाही सांगितलं, तर जेवणाच्या सुट्टीत पंप खिडकीत ठेवलेला सापडतो.

५. मोजणीच्या दिवशी मालक नॉकआऊट बंद ठेवतात. मग त्या आकड्याला काय अर्थ?

काहीच नाही. म्हणून त्या दिवशी किती साचे ओतले, कोणती मशीनं चालली, पंखे-ब्लोअर सुरू होते का, दारं उघडी होती का, हे आकड्याशेजारी लिहिलेलं असलं पाहिजे. रोज ४०० साचे ओतणाऱ्या फाउंड्रीत मोजणीच्या दिवशी १५० ओतले असतील, तर ते रिपोर्टमध्ये दिसायला हवं. कोणाच्या अंगावर पंप लावला हेही बघा. सर्वांत धुळीचं काम करणाऱ्याच्या अंगावर लावायला हवा. ऑफिसजवळच्या स्टोअरकीपरच्या अंगावर लावला, तर आकडा सुंदर येतो.

शिवाय एका दिवसाच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. त्याच कामात त्याच माणसाचे दोन दिवसांचे आकडे दुप्पट-तिप्पट फरकाने येऊ शकतात. पहिला आकडा मर्यादेच्या निम्म्याच्या पुढे आला, तर पुन्हा मोजा.

६. रिपोर्टमध्ये ‘मर्यादेच्या आत’ लिहिलंय. म्हणजे आम्ही सुरक्षित ना?

इथे थोडं गणित करावं लागेल. फाउंड्रीच्या वाळूतला घातक भाग म्हणजे क्वार्ट्झ, अर्थात सिलिका. कारखाने अधिनियम, १९४८च्या (त्याच्या जागी आता नवी संहिता आली आहे, प्रश्न १९) दुसऱ्या अनुसूचीत श्वसनयोग्य, म्हणजे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणाऱ्या, धुळीची मर्यादा सूत्राने दिली होती : १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असेल, तर १० भागिले ३२, म्हणजे घनमीटरला साधारण ०.३१ मिलिग्रॅम धूळ. त्यात निव्वळ क्वार्ट्झ ०.०९ मिलिग्रॅमच्या आसपास. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने २०१६मध्ये क्वार्ट्झची मर्यादा ०.०५ केली. तिथल्या हायजीनिस्टांची संस्था एसीजीआयएच तर ०.०२५ सुचवते. म्हणजे आपल्याकडे ‘आत’ असलेला माणूस तिकडच्या शिफारशीच्या तिपटीहून जास्त धूळ घेत असू शकतो.

मर्यादा ही कायद्याची रेघ आहे. तिच्या अलीकडे आजार नाही आणि पलीकडे आहे, असं शरीर मानत नाही. मी स्वतः मर्यादेच्या निम्म्यावरच उपाय सुरू करायला सांगतो.

एक अपवाद गाड्यांच्या पेंटिंगचा. टू-के पेंटच्या (रंगात हार्डनर मिसळून मारायच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं. एखाद्याच्या शरीराने त्याचा एकदा धसका घेतला, की पुढे मर्यादेच्या कितीतरी खालच्या मात्रेलाही दम्याचा झटका येतो. अशा माणसाला ‘रिपोर्ट तर आत आहे’ सांगून पुन्हा बूथमध्ये पाठवू नये. त्याचं कामच बदलावं लागतं.

७. धुळीच्या कामावर रोज गूळ देतात. त्याने छातीतली धूळ निघून जाते ना?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कोल्हापुरात तर गुळाविरुद्ध बोलणं जिवावर येतं.

आधी खरं काय ते. लखनौच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले आणि १९९४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कण लवकर हलले, असं त्यांना दिसलं. पुढे ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ असं जे सांगितलं जातं, ते याच्या जोरावर. पण उंदरांवरच्या प्रयोगातून ‘फाउंड्रीतल्या माणसाला सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होणार नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. सिलिकाचा बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी रुतला, की तिथल्या पेशी त्याला गिळायला जातात, मरतात आणि त्या जागी व्रण धरतो. घशातून पोटात जाणाऱ्या गुळाची तिथे गाठ पडत नाही. गूळ खाल्ल्यावर घसा ओला होतो, खाकरा सुटतो, बरं वाटतं. ते बरं वाटणं घशाचं असतं.

गूळ खायला हरकत नाही. मधुमेह असेल तर मात्र आहे. तक्रार आहे ती वेगळीच : महिन्याला गुळाची ढेप आणली, की धुळीचा बंदोबस्त झाला असं मालक आणि कामगार दोघेही धरून चालतात. पेंट शॉपमधलं दूध आणि वेल्डरची केळी यांनाही हेच लागू.

८. मग मास्क? रुमाल बांधला तर चालेल का?

रुमाल चालत नाही, ओला केला तरी नाही. श्वसनयोग्य कण कापडाच्या विणीतून सहज जातात. सर्जिकल मास्क कडेने उघडा असतो. धुळीसाठी किमान एफएफपी-२ किंवा एन-९५ हवा. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ९४७३चा शिक्का बघून घ्या.

आता न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला बसत नाही आणि हवा केसांतून आत येते, मग मास्क कितीही महागाचा असो. दुसरं, धुळीचा मास्क वाफेला उपयोगाचा नाही. थिनरसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि ती कार्ट्रिज ठरलेल्या वेळी बदलावी लागते. आयसोसायनेटची फवारणी करताना बाहेरून हवा पुरवणारा मास्कच घ्यावा.

मे महिन्यात भट्टीजवळ आठ तास एन-९५ घालून बघा, म्हणजे मास्क हा शेवटचा उपाय का आहे ते कळेल. आधीचे उपाय प्रश्न ९ मध्ये.

९. मोठा खर्च न करता धूळ कमी कशी करायची?

पहिलं काम फुकटातलं आहे. कपडे आणि जमीन झटकायला कॉम्प्रेसरची हवा मारणं बंद करा. एका झटक्यात सगळी बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. अंगावर डोसीमीटरसारखं क्षणाक्षणाची धूळ नोंदवणारं यंत्र लावलं, तर सुट्टीच्या आधीची ती पाच मिनिटं आलेखात खांबासारखी उभी राहतात. हवेच्या जागी औद्योगिक व्हॅक्यूम, आणि तो हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा. नाही तर बारीक धूळ मागच्या बाजूने बाहेर येते. झाडायचंच असेल तर जमीन आधी ओली करून.

मग पदार्थ. ब्लास्टिंगला (कणांचा मारा करून वस्तू साफ करायला) वाळूऐवजी स्टीलचे शॉट. साच्याच्या कोटिंगमध्ये सिलिकाऐवजी दुसरं खनिज बसतं का, हे पुरवठादाराला विचारा.

मग हूड. इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. ग्राइंडरपासून दोन फुटांवर पत्र्याचं नसराळं टांगतात आणि वर मोठा पंखा बसवतात. शोषणारी हवा अंतराबरोबर फार झपाट्याने मरते. तोंडापासून पाइपच्या एका व्यासाएवढ्या अंतरावर तिचा वेग जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणजे पाइप ६ इंची असेल, तर ठिणगी जिथे उडते तिथून ६ इंचांच्या आत हूडचं तोंड हवं. पंख्याचा अश्वशक्तीचा आकडा वाढवण्याआधी हूड जवळ आणा.

तपासायला उदबत्ती पुरते. ग्राइंडरच्या चाकाजवळ ती धरायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. हूडात गेला तर ठीक. कामगाराच्या तोंडाकडे वळला, तर बहुधा त्याच्या पाठीमागचा पेडेस्टल फॅन गुन्हेगार असतो. उकडतं म्हणून लावलेला पंखा हूडाची सगळी मेहनत उधळून लावतो. अशा ठिकाणी पंख्याची दिशा नुसती बदलली तरी आकडा खाली येतो. मात्र पेंट-थिनर असलेल्या ठिकाणी उदबत्ती पेटवायची नाही.

१०. वीस वर्षं याच आवाजात आहे. आता कानाला सवय झाली, त्रास होत नाही. हे चांगलंच ना?

सवय झाली म्हणजे बहुतेक वेळा ऐकू येणं कमी झालं. आवाजाने होणारं बहिरेपण आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास येतं आणि ऑडिओमेट्रीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. रोजच्या बोलण्यात सुरुवातीला कळत नाही. मग ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. लग्नाच्या मांडवात, गर्दीत ती आधी जाणवते. टीव्ही मोठा लावल्यावरून घरात भांडण होतं. कानाच्या आतल्या ज्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत.

आपल्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन, आणि ११५च्या वर एक क्षणही नाही. अमेरिकेची नायॉश ही संस्था आठ तासांना ८५च सुचवते. साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर मोजून घ्या.

११. एक मशीन ९० डेसिबलचं आहे. शेजारी तसंच दुसरं आणलं तर आवाज १८० होईल का?

९३ होईल. डेसिबलची बेरीज साधी नसते. ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. याची दुसरी बाजू कारखानदाराने लक्षात ठेवावी : दोन सारख्या मशीनांपैकी एकाला भरपूर खर्च करून आवाजबंद पेटीत घातलं, तरी शॉपमधला आवाज फक्त ३ डेसिबलने उतरेल. आधी सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा, ते शोधा. पुष्कळदा ते मशीन नसतंच, हवेची गळकी नळी असते.

१२. इअरप्लग घालतो, मध्ये फक्त अर्धा तास काढतो. तेवढ्याने काय होतंय?

बरंच होतं. ३० डेसिबल कमी करणारा प्लग घेतला आणि आठ तासांत अर्धा तास काढला, तर ऊर्जेच्या हिशेबाने दिवसभराचं संरक्षण ३० वरून साधारण १२ डेसिबलवर येतं. १०० डेसिबलच्या शॉपमध्ये कानाला ७० ऐवजी ८८ मिळाले. म्हणून खोक्यावर मोठा आकडा छापलेल्या प्लगपेक्षा दिवसभर टोचणार नाही असा प्लग चांगला. शिवाय खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. फोमचा प्लग आधी वळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढायचा आणि मग आत सरकवायचा. नुसता बुचासारखा टोकावर ठेवला, तर निम्मंही काम होत नाही.

१३. वास येतो म्हणजे धोका आणि वास नाही म्हणजे ठीक, असं धरू का?

धरू नका. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. क्युपोला (लोखंड वितळवायची भट्टी) आणि कोअर ओव्हनजवळ डोकं दुखतं, ते पुष्कळदा उन्हावर ढकललं जातं. त्याची आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि ‘वास गेला, आता उतरू’ असं वाटतं (पुढचा प्रवास प्रश्न १७ मध्ये). उलट काही रसायनं अगदी कमी मात्रेतही घाण वास मारतात आणि त्या मात्रेत त्यांचा विशेष अपाय नसतो.

कातडीचा रस्ताही विसरू नका. शिफ्ट सुटताना थिनरने हात धुणं सर्रास चालतं. ग्रीस निघतं हे खरं, पण कातडीतलं तेलही निघतं, भेगा पडतात आणि थिनरचा काही भाग थेट रक्तात जातो. हवेचा रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी हा रस्ता त्यात दिसत नाही.

१४. थिनरमधलं टोल्युइन मर्यादेत आहे, झायलीनही मर्यादेत आहे. तरी तुम्ही रिपोर्टवर लाल शेरा का मारता?

कारण दोन्ही एकाच मेंदूवर काम करतात. एकाच अवयवाला त्रास देणारी द्रव्यं एकत्र असली, की प्रत्येकाचं मर्यादेशी प्रमाण काढून बेरीज करायची. दोघांची मर्यादा १०० पीपीएम. टोल्युइन ६० आणि झायलीन ५० आलं, तर ०.६ अधिक ०.५ म्हणजे १.१. एकच्या वर गेलं, म्हणजे मर्यादा ओलांडली. थिनर हे मिश्रणच असतं, त्यामुळे ही बेरीज नसलेला थिनरचा रिपोर्ट अपुरा समजा.

१५. आमची पाळी बारा तासांची आहे. मर्यादा तीच लागू होते का?

मर्यादा आठ तास काम आणि सोळा तास विश्रांती या हिशेबाने आखलेल्या आहेत. बारा तासांत शरीरात जास्त जातं आणि बाहेर टाकायला वेळ कमी मिळतो. हायजीनिस्ट वापरतात ते ब्रीफ-स्काला सूत्र बारा तासांसाठी मर्यादा निम्मी करतं. टोल्युइनचे १०० पीपीएम ५० वर येतात. आवाजात आपल्या ९० डेसिबलच्या नियमाने गणित केलं, तर बारा तासांना साधारण ८७ येतात. ओव्हरटाइमच्या पगाराचा हिशेब सगळे करतात, या ओव्हरटाइमचा सहसा कोणी करत नाही.

१६. भट्टीवर नवीन पोरगा पहिल्याच आठवड्यात चक्कर येऊन पडला. अशक्त होता का?

बहुधा नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. नायॉशची शिफारस अशी : नव्या माणसाला पहिल्या दिवशी भट्टीवर पूर्ण पाळीच्या २० टक्केच वेळ ठेवा आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. गावच्या जत्रेला पंधरा दिवस जाऊन आलेला जुना माणूसही काही अंशी नवाच असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. बोलणं बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात समजून अंगावर पाणी-बर्फ सुरू करा आणि लगेच दवाखान्यात न्या.

१७. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत उतरायचं आहे. मेणबत्ती सोडून बघतो, विझली नाही तर उतरतो. बरोबर ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

मेणबत्ती विझायला ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो. सुरक्षित किमान पातळी १९.५ आहे. हायड्रोजन सल्फाइडबद्दल मेणबत्ती काहीच सांगत नाही, आणि टाकीत मिथेन असेल तर तीच स्फोट घडवते.

बाहेर उभं राहून, नळी सोडून, गॅस मीटरने मोजा. वर, मध्ये आणि तळाशी, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. क्रम ठरलेला : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ब्लोअरने ताजी हवा आत सोडत राहा. ऑक्सिजनचं सिलिंडर उघडून टाकी ‘ताजी’ करू नका, कपड्यांसकट सगळं भडकतं. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून काम चालू असतानाही मीटर सुरूच हवा. उतरणाऱ्याला हार्नेस, वर तिपाई आणि दोर, आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस, ज्याला दुसरं कोणतंही काम दिलेलं नाही.

खाली कोणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. नायॉशने १९८६च्या मार्गदर्शिकेत नोंदवलं, की अशा बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. दोराने वर ओढता यावं, म्हणूनच हार्नेस आधी घालायचा असतो.

१८. मी ठेकेदाराचा माणूस आहे. मोजणीत आणि तपासणीत माझं नाव नसतं.

सर्वांत धुळीचं काम बहुधा ठेक्यावर दिलेलं असतं आणि मोजणी कायम कामगारांची होते. हे पद्धतशीर चालतं, आणि रिपोर्ट छान येण्याचं एक कारण हेही आहे. हवा मस्टर बघून आत जात नाही. जागा ज्याच्या ताब्यात आहे, त्या मुख्य मालकाची जबाबदारी ठेकेदार नेमल्याने संपत नाही. सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीमार्फत लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या.

१९. रिपोर्ट आणि माझ्या तपासणीचे कागद मला बघायला मिळतील का?

मिळायला हवेत. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांवरचं नवं प्रकरण आलं. कामगाराला आपल्या आरोग्याच्या नोंदी बघण्याचा हक्क त्यात दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा अधिनियम जाऊन व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्याशी विसंगत नसलेले जुने नियम चालू राहतात. जिवाला तातडीचा धोका वाटला, तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायची तरतूद संहितेत आहे. महाराष्ट्रात दाद मागायची ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे.

२०. माझी बारा माणसांची वर्कशॉप आहे. हायजीनिस्ट परवडणार कसा?

पूर्ण वेळचा नकोच. एकदा बोलावून शॉप फिरवून घ्या आणि मोजणी फक्त दोन-तीन कामांची करा. शेजारच्या चार वर्कशॉप मिळून एकाच दिवशी बोलावलं, की येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे आणि तिथे या विषयाची प्रयोगशाळा आहे. प्रश्न ९ मधली पहिली दोन कामं मात्र कोणालाही न बोलावता उद्या सकाळी करता येतात.

२१. मला हायजीनिस्ट व्हायचंय. काय शिकू?

पाया रसायनशास्त्राचा, अभियांत्रिकीचा किंवा पर्यावरणशास्त्राचा असावा, आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची पदविका. डॉक्टरांसाठी एएफआयएच हा तीन महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. परदेशात, विशेषतः आखाती देशांतल्या तेल कंपन्यांत, सीआयएच या प्रमाणपत्राला मान आहे, पण त्याला अनुभव आणि अवघड परीक्षा दोन्ही लागतात. माझा सल्ला विचाराल, तर आधी सहा महिने एखाद्या शॉप फ्लोअरवर काढा. कोणतं काम कोणत्या वेळी कोण करतं, हे कळल्याशिवाय पंप कोणाच्या कमरेला बांधायचा हे कळत नाही.

२२. घरातला मी एकटाच बॅटरीच्या कारखान्यात काम करतो. घरच्यांना काय धोका?

शिसं कपड्यांवरून, केसांतून, डब्याच्या पिशवीतून घरी येतं. बाप आल्याआल्या लेकराला उचलतो. बायको कामाचे कपडे झटकून इतरांच्या कपड्यांबरोबर धुते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अगदी कमी मात्राही बाधते. कामाचे कपडे आणि बूट कारखान्यातच राहावेत, तिथेच धुतले जावेत आणि अंघोळ करूनच निघावं. ही सोय करून देणं मालकाचं काम आहे. तुमच्या रक्तात शिसं जास्त निघालं, तर मुलांचंही रक्त तपासून घ्या.

२३. फाउंड्री सोडून दहा वर्षं झाली. आता दम लागतो. टीबीचं औषध दोनदा झालं, फरक नाही. कामाशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. सिलिकोसिस काम सोडल्यावरही वाढत राहतो आणि पुष्कळदा उशिरा कळतो. एक्स-रेत तो टीबीसारखा दिसू शकतो. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे. टीबीची तपासणी सोडू नका. सोबत डॉक्टरांना कामाचा पूर्ण इतिहास सांगा : कोणत्या साली, कोणत्या शॉपमध्ये, कोणतं काम, वाळू कोरडी होती का. व्यवसायजन्य आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवा. ईएसआयची व्यवसायजन्य रोग केंद्रं आहेत, त्यांतलं एक मुंबईत आहे.

सिलिकोसिस भरपाईयोग्य आजारांच्या यादीत आहे. ईएसआयमध्ये असाल तर दावा तिथे. नसाल तर मालकाविरुद्ध कर्मचारी भरपाईच्या तरतुदींखाली. हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले आहेत. अडचण येते ती तिथे काम केल्याच्या पुराव्याची. पीएफचा उतारा, जुनं ईएसआय कार्ड, पगाराची चिठ्ठी, गेटपास, सहकाऱ्यांचे जबाब, जे मिळेल ते जमवा. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली त्या उद्योगांना आदेश दिला, की आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे उशिराचं असेल तोवर जपाव्यात. तो आदेश ॲस्बेस्टॉसपुरता होता, पण जुन्या कंपनीकडे नोंदी मागताना त्याचा दाखला जरूर द्या. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. कंपनीने दुसरं नाव घेतलं असेल, तर जुनं आणि नवं दोन्ही नावं अर्जात लिहा.